कागदावर नसलेलं नाटक

रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सुभद्रा दाढी करत होती.

देवळामागच्या पडवीत, भिंतीला टेकवलेल्या तळहाताएवढ्या आरशात बघत, गालाला साबण फासून. शेजारी श्रीकृष्ण मांडी घालून भुवया कोरत होता. पलीकडे नारदमुनी मोबाइलवर घरी सांगत होते, की म्हशीला पेंड घालायला विसरू नका, मी सकाळी येतोच. एका कोपऱ्यात पेटारा मांडलेला, त्याच्यासमोर उदबत्ती, फुलं आणि फोडलेला नारळ. आत येताना मी चप्पल काढली नव्हती. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांची नजर एकदम माझ्या पायांकडे गेली. मी मुकाट्याने मागे फिरलो.

कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यातल्या एका लहानशा गावची ही जत्रा. तुळशीची लग्नं लागली, त्रिपुरी पौर्णिमा उलटली, की तळकोकणात देवळोदेवळी जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की दशावतार आलाच. इथल्या बोलीत त्याला ‘धयकालो’ म्हणतात, म्हणजे दहीकाला. सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीपर्यंत हा खेळ चालतो. पहिल्या पावसाची चाहूल लागली की पेटारे बंद होतात. मधल्या सहा-सात महिन्यांत चांगल्या कंपनीला रिकामी रात्र क्वचितच मिळते.

मी कंपनीच्या मालकांना विचारलं, “आज नाटक कोणतं?”

“बघूया,” ते म्हणाले. “आधी पालखी भायर पडांदे.”

मला वाटलं, पाहुण्याला टाळतायत. तसं नव्हतं. नाटक खरोखरच अजून ठरलेलं नव्हतं.

पालखीची प्रदक्षिणा अर्ध्यावर आली तेव्हा मालक पडवीत उभे राहिले आणि म्हणाले, “कृष्णार्जुन युद्ध.” मग बोट दाखवत गेले. तू गालव, तू चित्रसेन, तू अर्जुन. कृष्ण आणि सुभद्रा ठरलेलेच होते, कारण त्या दोघांची जोडी गावाने मागून घेतली होती. नारद कुठे आत येणार, शेवट शंकराला आणून करायचा की ब्रह्मदेवाला, एवढ्यावर थोडी चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, तीनच्या सुमाराला लोक पेंगतात, तिथे युद्ध घालूया. चहाचे ग्लास रिकामे झाले आणि तालीम संपली. पुढे साडेचार तास चालणाऱ्या संगीत नाटकाची तयारी ती एवढीच.

ना संहिता, ना प्रॉम्प्टर, ना विंगेत वही धरून उभा असलेला कुणी. अख्ख्या कंपनीत कागद असा एकच होता, पेटीमास्तरांच्या खिशात. त्यावर पुढच्या आठवड्यातल्या गावांची नावं होती.

मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला संगीत नाटक म्हटलं की तिसरी घंटा, नांदी आणि वन्स मोअर आठवतो. मलाही तेच आठवतं. पण त्या रात्री पडवीत बसल्यावर लक्षात आलं, की मराठी नाटक कागदावर जाण्याआधी कसं असेल, ते मला इथे बघायला मिळणार आहे.

या खेळाचं वय सांगणं अवघड आहे. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये कर्नाटकातून दशावतार कोकणात आणला, अशी परंपरा सांगितली जाते. पण समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाडूंचा उल्लेख आहे. खेळात नटूनथटून येणाऱ्या सुंदर स्त्रिया प्रत्यक्षात धट्टेकट्टे पुरुष असतात, असं समर्थ तिथे गमतीने सांगतात. समर्थांचं निर्वाण १६८१ चं. म्हणजे काळ्यांनी कोकणाला या खेळाचं एखादं नवं रूप दिलं असेल, पण दशावतारी नावाचे खेळिये त्याच्या आधीपासून महाराष्ट्रात हिंडत होते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या यक्षगानाशी याचं नातं उघड दिसतं. तिथेही रात्रभर जागर, गणपतीची पूजा, पुराणातली कथा आणि पायांत ताल.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं आणि तिथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो. त्या नाटकांचा घाट असा होता: सूत्रधार पदं म्हणायचा, गणपती आणि सरस्वती यायची, विदूषक असायचा, आणि पात्रं पदातला प्रसंग धरून आपापल्या शब्दांत भाषण करायची. पदं लिहिलेली, भाषणं उत्स्फूर्त. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. तेव्हापासून पात्रं स्वतः गाऊ लागली आणि नाटककाराने लिहिलेलं बोलू लागली. मराठी नाटक कागदावर गेलं आणि त्याने मोठी मजल मारली. दशावतार मात्र त्या वळणावर वळला नाही. त्याने किर्लोस्करांकडून आणि पुढच्या गंधर्वयुगाकडून चाली उचलल्या, पेटी उचलली, शालूही उचलला. वही तेवढी नको म्हणाला.

*

पालखी देवळात शिरली तेव्हा बारा वाजून गेले होते. सभामंडपाबाहेर मांडव, त्यात ताडपत्र्या आणि चटया. म्हाताऱ्या बायका उशीला पिशव्या घेऊन आधीच जागा धरून बसलेल्या. कडेला खाज्याची, शेंगदाण्याच्या लाडवांची, भज्यांची दुकानं. रंगमंच म्हणजे हातभर उंचीचा चौथरा, मागे एक रंगीत पडदा आणि मध्ये एक बाकडं. बाकड्यावर चादर. एवढाच नेपथ्याचा सरंजाम. त्या रात्रीत ते बाकडं द्वारकेचं सिंहासन झालं, गालव ऋषींचा नदीकाठ झालं, इंद्रप्रस्थातलं अंतःपुर झालं आणि अर्जुनाचा रथ झालं. चादरसुद्धा बदलली नाही.

सुरुवात पूर्वरंगाने होते. त्याला ‘आड दशावतार’ म्हणतात. सूत्रधार गणपतीला आवाहन करतो. लाकडी मुखवट्याचा गणपती रिद्धी-सिद्धींसह येतो, भटजी त्याची पूजा करतात आणि पूजा करता करता दक्षिणेवरून घोळ घालतात. मग मोरावर बसलेली सरस्वती. आणि मग सगळी पोरं ज्याची वाट बघत असतात तो संकासुर. काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद पळवून समुद्रात दडी मारणारा हा राक्षस. विष्णू मत्स्यावतार घेऊन त्याला मारतो. पण मरण्याआधी त्याला हवं ते बोलायची मुभा असते. देव शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलतात, आणि हा एकटा अस्सल मालवणीत. त्या रात्री त्याने ग्रामपंचायतीच्या नळाला हात घातला, मुंबईहून येऊन गावाला अक्कल शिकवणाऱ्या चाकरमान्यांना घातला, आणि मग म्हणाला, की मी समुद्राच्या तळाशी जाऊन युगं काढून परत वर आलो, तरी हायवेचं काम चालूच! मांडव हसून लोळला. सरपंच पहिल्या रांगेत होते. तेही हसले, दुसरा उपाय नव्हता.

पूर्वी हा पूर्वरंगच बराच वेळ चाले. आता बऱ्याच ठिकाणी गणपती आणि रिद्धी-सिद्धी एवढ्यावर आवरतात, कारण लोकांना आख्यान हवं असतं. या गावाने संकासुर सोडलेला नाही.

*

उत्तररंग सुरू झाला आणि मी जागा बदलून पेटीमास्तरांच्या बाजूला जाऊन बसलो. नाटक कोण चालवतंय, ते तिथून दिसतं.

दशावताराची पेटी म्हणजे पायपेटी. वादक बाकावर बसतो, दोन्ही पायांनी भाता मारतो आणि त्यामुळे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. भात्यातला वारा पितळी जिभल्यांवरून जातो, जिभली थरथरते, सूर निघतो. हे यंत्र मूळ युरोपातलं. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं गेलं. पाद्र्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते हिंदुस्थानात आलं आणि संगीत नाटकाच्या कंपन्यांतून गावोगाव पोचलं. आकाशवाणीने १९४० मध्ये या पेटीला दार बंद केलं होतं. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, ती परकी आहे, अशी तक्रार होती. पुढे तीसेक वर्षं हा वाद चालला. कोकणातल्या जत्रांत मात्र तिला कुणी हटकलं नाही. उघड्या मांडवात, खाज्याच्या दुकानदाराच्या आरोळीवर मात करून दीडशे हातांवर सूर पोचवायचा, तर हीच हवी.

पेटीच्या जोडीला मृदंग. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक थापून आवाज खोल केलेला, आणि ती कणीक वाळली की वाजवणारा मधूनच पाण्याचं बोट फिरवतो. तिसरी झांज. एवढ्या तिघांवर सगळी रात्र.

पण पेटीमास्तरांचं काम फक्त साथीचं नाही. कुठला नट आज थकलाय, कुणाचा गळा बसलाय, कोण बोलता बोलता आडरानात शिरलाय, हे त्यांना नटाच्या आधी कळतं. अर्जुनाचं भाषण लांबायला लागलं तेव्हा त्यांनी हळूच एक सूर धरला. अर्जुनाने दोन वाक्यांत आवरतं घेतलं. पुढे चित्रसेनाच्या एका बायकोच्या तोंडचं पद आलं, ते अर्ध्या पट्टीने खाली. मी नंतर विचारलं, तुम्ही कसं ठरवता?

“मी फुडच्याचो सूर धरतंय,” ते म्हणाले. “हेना समजान घेवचा, आपला झाला.”

शहरात आपण याला दिग्दर्शन म्हणतो आणि त्यासाठी महिनाभर तालमी घेतो. इथे ते खेळ चालू असतानाच, दोन बोटांनी होतं.

*

कथा साधी आहे. चित्रसेन गंधर्व विमानातून जाताना खाली थुंकतो, आणि त्याच्या विड्याची पिंक गालव ऋषींच्या अर्घ्याच्या ओंजळीत पडते. ऋषी द्वारकेला जाऊन कृष्णाकडे गाऱ्हाणं घालतात, कृष्ण चित्रसेनाच्या वधाची प्रतिज्ञा करतो. नारद कळ लावतात आणि गंधर्वाच्या बायका सुभद्रेला शरण जातात. काय प्रकरण आहे हे नीट न विचारताच सुभद्रा अभय देते. नवऱ्याने बायकोचा शब्द पाळायचा की मित्राशी लढायचं नाही, हा अर्जुनाचा पेच. सुभद्रेचा पेच त्याहून अवघड: एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा.

मांडवातल्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ होती. पिंक पडली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “दंड लावा तेका!” गालव ऋषी जराही न चळता म्हणाले, “वत्सा, दंड आम्ही नाही, द्वारकाधीश लावतील.” वाक्य भारदस्त, उत्तर ताजं. हे ऋषी दिवसा रिक्षा चालवतात.

ही भाषा येते कुठून, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. ‘हे गांडीवधारी’, ‘तुझ्या मुखकमलातून निघालेले हे वचन’ असलं मराठी आज कोण बोलतं? उत्तर नंतर अर्जुनाने दिलं. लहानपणी श्रावणात घरोघर श्रीधराच्या पोथ्या लागायच्या, हरिविजय, पांडवप्रताप, रामविजय. आजी वाचायची, हे मांडीवर. पुढे कंपनीत आल्यावर जुन्या नटांचं ऐकून ऐकून ते मराठी जिभेवर बसलं. संहिता नाही असं मी म्हणतोय खरा, पण पोथीने आणि जुन्या नटांच्या जिभेने ती दर नटाच्या कानात आधीच घालून ठेवलेली आहे. रोज रात्री तो त्यातून आपलं नाटक उचलतो.

दीडच्या सुमाराला कृष्ण आणि सुभद्रा समोरासमोर आले. हीच जोडी गावाने मागितली होती. दोघांनी एकेक पद म्हटलं. कृष्णाचं भारदस्त, तानेचं. सुभद्रेचं साधं, जवळजवळ ओवीसारखं. मग जुगलबंदी सुरू झाली, आणि आधी काही ठरलेलं नव्हतं हे मला माहीत असल्यामुळे मी श्वास रोखून बसलो. कृष्ण म्हणाला, बहिणी, तुझं लग्न झालं, तू आता पांडवांची. द्वारकेच्या शब्दात तू पडू नकोस. लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या न्यायात बोलायचं नसतं.

सुभद्रा गप्प उभी राहिली. पेटीसुद्धा थांबली. मग ती म्हणाली:

“दादा, माझं हरण झालं. कुणाच्या सांगण्यावरून झालं, ते तुला ठाऊक आहे. रथात बसले तेव्हा आईने ओटी भरली नाही, बाबांनी डोक्यावर हात ठेवला नाही, तू वेशीपर्यंत आला नाहीस. माझी पाठवणी झालीच नाही. जिची पाठवणी झाली नाही, ती माहेर सोडते कधी? मी अजून तुझ्याच घरची आहे. मग मी दिलेला शब्द कुणाच्या घरचा? आता मोड!”

ताडपत्रीवर शांतता पसरली. माझ्या बाजूला बसलेल्या काकींनी पदराने डोळे पुसले. कृष्णाचं काम करणाऱ्या नटाला क्षणभर खरंच उत्तर सुचलं नाही. मला ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्याने सुभद्रेकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पद सुरू केलं. पेटी त्याच्या आधी अर्धा श्वास तिथे पोचली होती.

महाभारतात पुढे यादव मोठा आहेर घेऊन इंद्रप्रस्थाला जातात आणि राहिलेलं सगळं रीतीप्रमाणे होतं. पण रात्री पावणेदोनला ते कुणाला आठवायचंय?

तीन वाजता ठरल्याप्रमाणे युद्ध झालं. झांजेची लय चढली, मृदंग घुमू लागला, कृष्ण आणि अर्जुन तलवारी परजत एका पायावर गिरक्या घेऊ लागले, चौथऱ्याच्या फळ्या थरथरल्या आणि पेंगणारी पोरं उठून बसली. दोन माणसांच्या पायांत दोन सैन्यं होती. मध्येच बक्षिसांची पुकार होत होती: अमक्यांकडून सुभद्रेला, तमक्यांकडून मृदंगाला. बक्षीस घेताना अर्जुनाने तलवार डाव्या हातात घेऊन नमस्कार केला आणि उजव्यात परत घेऊन लढाई पुढे चालू केली. कुणालाही त्यात विसंगत काही वाटलं नाही.

*

दशावतारी कंपन्या दोन तऱ्हेच्या. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर अशी पिढ्यानुपिढ्यांची नावं आहेत. त्यांच्याकडे ठरावीक देवळांच्या जत्रांचा मान परंपरेने चालत आलाय. बाकीची मंडळं नंतर उभी राहिलेली, नटांच्या नावावर चालणारी. कारण इथे नाटक कोणतं यापेक्षा राजा कोण, सुभद्रा कोण, हे आधी विचारतात. नेरूरच्या सुधीर कलिंगणांना लोक ‘लोकराजा’ म्हणत. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा सिंधुदुर्गात हळहळ होती ती घरचा माणूस गेल्यासारखी. जिथे नाटककारच नाही, तिथे नट गेला की त्याच्याबरोबर नाटकंही जातात.

मुंबईशी या खेळाचं नातं जुनं आहे. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी दशावतार बरोबर नेला. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. कोकणातल्या लोककलांना मुंबईत ज्या मोजक्या हक्काच्या जागा मिळाल्या त्यांतली ती एक होती. गिरण्या गेल्या, प्रेक्षक उपनगरांत पांगले, पण गावची कंपनी आली की अजून तिकिटं काढून लोक जातात. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ हा चित्रपट आला आणि ज्यांनी एकही रात्र ताडपत्रीवर काढली नव्हती त्यांनाही म्हाताऱ्या दशावताऱ्याचं दुःख कळलं.

खेळ बदलतोय. ‘ट्रिकसीन’ नावाचा प्रकार आलाय: धूर, रंगीत दिवे, अधांतरी देव, फणा काढणारे नाग. जाहिरातीत ते ठळक अक्षरांत छापतात. काही ठिकाणी बायका स्वतः दशावतार करू लागल्यात. पूर्वी पलित्यांच्या, मग गॅसबत्त्यांच्या उजेडात चालणारा खेळ आता फोनवर थेट दिसतो. मी अर्जुनाला ट्रिकसीनबद्दल विचारलं. तो वैतागला नाही. म्हणाला, “लोक टाळी वाजवतत. पण ती धुराक.”

*

पावणेपाचला दहीहंडी फुटली. पुरुष, पोरं, देव, राक्षस सगळे एकाच गर्दीत, हातावर काल्याचा प्रसाद. पूर्वेला जेमतेम फटफटलं होतं.

मी परत पडवीत गेलो, या वेळी चप्पल बाहेर काढून. खोबरेल तेलाचा वास कोंदला होता. तेलाने रंग पुसत सगळेजण पुन्हा माणसात येत होते. मुखवटा पेटाऱ्यात गेला, त्याला नमस्कार झाला, झाकण बसलं. ‘रातचो राजा, सकाळी कपाळार बोजा’ अशी इथे म्हण आहे. एके काळी रात्री राज्य करणारा राजा पहाटे पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट चालायचा. आता टेम्पो आहे, बोजा चाकांवर गेलाय. पण मिळकतीचा बोजा आहे तिथेच आहे. एवढ्या नटांत एकही असा नव्हता, की ज्याला दुसरा धंदा नाही. कुणी शेती, कुणी रिक्षा, कुणी भाद्रपदाआधी गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवणारा.

सुभद्रेचं काम करणारा नट गवंडी आहे. लुंगी आणि टी-शर्ट घालून तो चहाच्या टपरीवर आला तेव्हा मी त्याचे हात पाहिले. जांभ्याचे चिरे उचलून उचलून रापलेले, बोटांवर भेगा. रात्री याच हातांत हिरव्या बांगड्या होत्या आणि मला भेगा दिसल्या नव्हत्या. आठ वाजता कामावर पोचायचं होतं. एका घराची भिंत अर्धी झालेली होती.

मी म्हटलं, “ते पाठवणीचं फार सुंदर होतं. आधी कुठे बोलला होतात का?”

त्याने ग्लास खाली ठेवला. “खंयचा?”

“कृष्णाला म्हणालात ना, माझी पाठवणी झाली नाही म्हणून.”

तो प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होता. मग म्हणाला, “काय बोललंय ता आता आठवना नाय. फुडो कृष्ण तसो बोललो, म्हणान माका तसा सुचला.”

मी खिशातून वही काढली. ती वाक्यं मी अंधारात वेडीवाकडी लिहून घेतली होती. पण मी वाचायच्या आत मागून आवाज आला. रात्री माझ्या शेजारी बसलेल्या काकी, हातात खाज्याची पुडी घेऊन.

“मी सांगतंय,” त्या म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सगळं म्हणून दाखवलं. मालवणीत, स्वतःच्या शब्दांत, पण एकही दुवा न चुकवता. रथ, आईने न भरलेली ओटी, बाबांचा हात, वेस. आणि शेवटी: “दादा, पाठवणी करूक नाय, म्हणान माजो पाट अजून तुज्याच पंगतीत आसा.”

मी वहीत पाहिलं. पाटाचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. ते रात्री कुणी बोललंच नव्हतं.

नट ऐकत होता. चहा निवत होता. “पाटाचा मी बोललंय?” त्याने विचारलं.

“नाय तर कोण?” काकी म्हणाल्या.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. ओठ मात्र हलत होते. मग टेम्पोचा हॉर्न वाजला. ग्लास एका दमात रिकामा करून तो उठला आणि जाता जाता म्हणाला, “बरा बोललंय मगे.”